मेलेल्याने चहा करायचा

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा उर्वरित सुरतकरांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, उधन्यातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाभोवती अकरा वर्षे सुखाने नांदत असलेले एक राज्य गेल्या वर्षी उलथवण्यात आले. राज्याची लोकसंख्या चार. हत्यार म्हणून एक जाडजूड रंगीत पुस्तक वापरण्यात आले. सबब, सर्वांनी दोन मिनिटे उभे राहून शांतता पाळावी आणि मग आपापल्या कामाला लागावे.

राज्य उलथवणारा मी. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना वाचायचं काम गेली पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे असला मजकूर माझ्या तोंडून आपोआप येतो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. या आवाजाचा मला फार अभिमान होता.

खेळ काय होता ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही पत्ते कुटत होतो. चारजण टेबलाभोवती बसायचो. एकजण गोष्ट सांगणार: तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आतून ओल्या घोंगडीसारखा वास येतोय. बाकीचे तिघे म्हणजे त्या गोष्टीतली माणसं. कोणी तलवारवाला, कोणी मांत्रिक. ते म्हणणार, आम्ही आत जातो, आम्ही मशाल पेटवतो, आम्ही पळतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार, आणि फाशाचा अर्थ काय लावायचा ते नियमांचं पुस्तक. एकच पात्र माणूस वर्षानुवर्षं खेळतो. त्याचा सगळा संसार एका कागदावर लिहिलेला असतो, आणि पात्र मेलं की तो कागद घडी करून ठेवून द्यायचा.

गोष्ट सांगणारा अर्थातच मी. तलवारवाले होते जिभाऊ. ते मूळचे धुळ्याकडचे, बमरोलीत लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारागीर. आठ-आठ लूम एकटे सांभाळायचे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना जिभाऊ म्हणायचो. मांत्रीण होत्या बँकेतल्या ताई, साताऱ्याहून बदली होऊन आलेल्या आणि मग इथेच रमलेल्या. चौथा इंजिनियर. घर मराठी, पण जन्म सुरतेतला, त्यामुळे रागावला की गुजराती आणि फार रागावला की हिंदी. जिभाऊंना तो काका म्हणायचा.

जिभाऊ आमच्यात आले ते मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले होते तेव्हा. कारकून जागेवर नव्हता म्हणून त्यांना मी शिक्षकांच्या खोलीत बसवलं. मी मधल्या सुट्टीत रविवारसाठी नकाशा काढत होतो. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हे काय आहे मास्तर, गोडाऊन का?"

"भुयार आहे. राक्षसाचं."

"बाहेर पडायला एकच दार ठेवलंय तुम्ही. आग लागली तर?"

मी त्याच क्षणी त्यांना रविवारचं आमंत्रण दिलं. पुढच्या रविवारी ते आले ते जॅकार्डच्या डिझाइनचे जुने आलेख-कागद घेऊन. एका बाजूला साडीचा पदर काढलेला, दुसरी बाजू कोरी, आणि चौकटी आयत्या. त्यानंतर आमची सगळी भुयारं, किल्ले, दलदली कोणत्या ना कोणत्या साडीच्या पाठीवर उभ्या राहिल्या.

आमच्याकडे त्या खेळाची जुनी आवृत्ती होती. इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स, गुंडाळ्या तारेची बांधणी. पहिल्या हिवाळ्यात मी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून, मराठीत करून सांगितली. ताई आणि इंजिनियर यांनी ऐकलं आणि विसरले. जिभाऊंनी ऐकलं आणि ठेवून घेतलं. खात्यात लूम सुरू असताना शेजारच्याशी बोलताही येत नाही. मग ते बारा तास मनात नियम म्हणायचे. "पडला तर दर दहा फुटाला एक फासा. पाण्यात चिलखत घातलं तर बुडतो. विष लागलं तर एकदाच वाचवायची संधी." लूमच्या ठोक्यावर ते छान बसतं, असं ते सांगायचे.

दोनेक वर्षांत आमच्याकडे पुस्तक उघडायची गरजच उरली नाही. शंका आली की तिघांच्या माना जिभाऊंकडे. त्यांची खुर्ची ठरलेली, माझ्या बरोबर समोरची. एक पाय आखूड, त्याखाली जॅकार्डचं भोकाभोकांचं जुनं कार्ड घडी करून सारलेलं. त्या खुर्चीवरून जो शब्द निघेल तो शेवटचा. मला तो फार नडायचा. गोष्ट रंगवायची म्हणून मी मरणाऱ्या राक्षसाला भाषण द्यायला लागलो की समोरून शांतपणे यायचं, "मास्तर, भाषण नाही. शून्याखाली गेला म्हणजे गेला." मी कधी हट्टाला पेटून "दाखवा कुठे लिहिलंय" म्हटलं, तर ते झेरॉक्स ओढायचे, फर्रकन उघडायचे आणि बोट ठेवायचे. तिथेच असायचं. दर वेळी.

कोणाची खुर्ची कोणी घेतली एवढीच ही हकीकत आहे.

आणखी एक रिवाज सांगायला हवा. जुन्या आवृत्तीत माणसं पटापट मरायची. ज्याचं पात्र मेलं त्याने खुर्चीवरून उठायचं, माझ्या स्वयंपाकघरात जायचं आणि सगळ्यांना चहा करायचा, हा नियम पुस्तकातला नाही, आमचा. ताईंचा चहा पाणीदार व्हायचा, इंजिनियर दूध उतू घालवायचा. जिभाऊंचा मात्र आलं, गवती चहा, फुदिना घालून असा व्हायचा की त्यांच्या मरणाची आम्ही वाट बघायचो. पहिल्यांदा मेले तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले आणि घरच्या अहिराणीत ओरडले, "मरी गऊ भो!" आणि हसत हसत गॅसकडे गेले. अकरा वर्षांत त्यांची चार पात्रं गेली. पाचवा तलवारवाला तेवढा सहा वर्षं टिकला होता.

मग इंजिनियर नवी आवृत्ती घेऊन आला.

मोबाईलवरच्या गटांत तेव्हा नुसती कापाकापी चालली होती. जुनी माणसं म्हणत होती, हा खेळ राहिला नाही, पाळणाघर झालं. नवी म्हणत होती, तुमचा खेळ म्हणजे गणिताची तोंडी परीक्षा. न भेटलेल्या माणसांनी एकमेकांशी आयुष्यभराचं वैर धरलं. मी ते सगळं पलंगावर लोळून चवीने वाचायचो. आमच्या टेबलावरही ते आलं.

"काका, जरा बघा तरी," इंजिनियर म्हणाला. "आता एकदम मरायचं नाही. शून्यावर गेलात तर तीन वेळा फासा टाकायला मिळतो. अने रात्रभर झोपलात तो बधा घा भराई जाय."

"सगळे घाव?"

"सगळे. सकाळी एकदम ताजे."

जिभाऊंनी डाव्या हाताची बाही वर केली. दंडावर लूमचं शटल उडून लागल्याची जुनी खूण होती. "हे तीन महिने भरत होतं," ते म्हणाले. "कुठल्या कंपनीची झोप आहे ती? मलाही पत्ता द्या."

ताई टेबलावर हात आपटून हसल्या. "मी जुन्याच्याच बाजूची. मरायची भीती नसेल तर मी रविवारची झोप मोडून येऊ कशाला?"

उरलो मी. आणि मी ते पुस्तक घरी नेऊन चाळलं तेव्हा सुरुवातीलाच मला ते वाक्य सापडलं होतं. शंका आल्यास गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा मानावा. असं छापलेलं होतं. मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या. राक्षसांची भाषणं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

साधं मत घेतलं असतं तर दोन विरुद्ध दोन झालं असतं. पण मला साधं काही करता येत नाही. मी खटला भरवला. बायकोची काळी शाल खांद्यावर घेतली, लाटण्याने टेबल ठोकलं आणि पुकारा केला, "जुनी आवृत्ती विरुद्ध नवी आवृत्ती! हजर हो!" अट अशी की मी एक प्रश्न विचारणार, आणि ज्या पुस्तकात उत्तर लवकर सापडेल ते जिंकलं. इंजिनियर नव्यात शोधणार, जिभाऊ जुन्यात.

"उंचावरून पडल्यास इजा किती?"

लाटण्याचा आवाज विरायच्या आत जिभाऊंचं बोट पानावर. इंजिनियर अजून अनुक्रमणिकेत. ताईंनी शिट्टी मारली. तिथे थांबायला हवं होतं. पण मी हरत होतो, आणि मला गंमत सुचली.

"आरोपीला समान संधी!" मी म्हणालो, आणि नवं पुस्तक जिभाऊंसमोर सरकवलं. "आता यातून काढा."

त्यांनी पुस्तक उघडलं. पानं गुळगुळीत, नवी, एकमेकांना चिकटलेली. त्यांनी पुढे उलटली, मागे उलटली. अंगठ्याने कडा चाचपल्या. मग एका ठिकाणी थांबले आणि नेहमीसारखं ठामपणे बोट ठेवलं. मी शाल सावरली, वाकलो आणि माझ्या त्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात वाचून दाखवलं. पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांचे आभार मानलेलं पान होतं ते.

आम्ही सगळे हसलो. जिभाऊही हसले. पहिल्यांदा इंजिनियरचं हसू थांबलं. त्याने झेरॉक्सकडे बघितलं, आणि मग मीही. पडण्याच्या नियमाच्या पानाला वरच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा होता. विषाच्या पानावर चहाचं वर्तुळ. पाण्यात बुडण्याचं पान अर्धं फाटून चिकटपट्टीने जोडलेलं. जिभाऊ मराठी झकास वाचायचे, रोज सकाळी पेपर पालथा घालायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. अकरा वर्षांत आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

"चष्मा आणला नाही आज," जिभाऊ म्हणाले.

त्यांना चष्मा नव्हता. मी लाटणं ठोकून नवी आवृत्ती विजयी घोषित केली. कारण तोवर माझ्या तोंडातून ते निघायच्या बेतात होतंच, आणि निघालेलं मागे घ्यायची मला सवय नाही. ताईंनी त्या दिवशी जाताना मला "येते" म्हटलं नाही.

दोन दिवस मला बरं वाटेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्यांची पाळी सुटल्यावर, मी नवं पुस्तक पिशवीत घालून बमरोलीला गेलो. जुनी आवृत्ती मीच वाचून दाखवली होती, नवीही वाचून दाखवेन, त्यात काय एवढं. त्यांची खोली खात्याच्या मागच्या गल्लीत. भिंतीतून लूमचा आवाज येतच असतो, ताटं मांडणीवर बारीक थरथरत असतात. वहिनींनी पाणी दिलं. जिभाऊ खाटेवर माझ्यासमोर बसले आणि नेहमीसारखे टक लावून माझ्या तोंडाकडे बघू लागले.

ही त्यांची नजर मला फार आवडायची. टेबलावर ताई मोबाईल बघायच्या, इंजिनियर फाशांचे मनोरे रचायचा, पण जिभाऊंची नजर माझ्यावरून हलायची नाही. मी बायकोला सांगायचो, श्रोता असावा तर असा.

मी वाचू लागलो. अक्षर बारीक, बल्ब पिवळा, म्हणून मी पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. जिभाऊ मान डोलवत होते. दहा मिनिटांनी मला कंटाळा आला आणि कंटाळा आला की मला खोड्या सुचतात. पुस्तकाआडून, त्याच चालीत, मी म्हणालो, "आणि तलवारवाल्याने दर मंगळवारी ताईंच्या बँकेत जाऊन म्हैस धुवावी."

जिभाऊंनी मान डोलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले.

मी पुस्तक खाली घेतलं. माझा चेहरा बघून त्यांना कळलं.

"केव्हापासून?" मी विचारलं. तोंड स्पष्ट हलवून विचारलं.

"उजवा कान गेला त्याला झाली चार वर्षं. डावा आहे अजून थोडाथोडा. खात्यात सगळ्यांचंच होतं, मास्तर, त्यात काय."

"मग टेबलावर?"

"जुन्यातलं मला कुठे ऐकावं लागतं? तोंड जरा हललं की कळतं कोण काय विचारणार. तेवढेच प्रश्न आहेत." मग म्हणाले, "तिकडे बोलू नका. ताई लगेच कानाच्या डॉक्टरचा नंबर काढतील."

मी शब्द दिला. मला ओळखणाऱ्या माणसांना हे वाचून हसू येईल, कारण माझ्या तोंडात तीळही भिजत नाही अशी माझी ख्याती आहे. पण हा एक शब्द मी पाळला. जो मोडायला हवा होता तोच नेमका पाळला.

त्यानंतर पंधरा दिवस बसून मी सगळी नवी आवृत्ती मराठीत लिहून काढली. दोनशे पानी वही, शीर्षकं लाल शाईने. शाळेतल्या कोणत्याही कामासाठी मी एवढं झिजलेलो नाही. वही घेऊन परत बमरोलीला गेलो. जिभाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली, चार-पाच पानं नीट वाचली, अक्षराचं कौतुक केलं, आणि उठून टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

"पाठ करणार ना?"

"आता ठोक्यावर बसत नाही. ठोका ऐकू आला तर बसेल ना." ते हसले. "असू द्या. छान लिहिलंय."

"मग टेबलावर घेऊन या. बघून बघून सांगा."

"बघून तर कोणीही सांगेल, मास्तर."

ते येत राहिले. आठ रविवार आले. नवी आवृत्ती खरंच सोपी होती, हे मला कबूल करायला हवं. गोष्ट सुसाट सुटली. राक्षसांनी लांबलचक भाषणं केली आणि समोरून कोणी हटकलं नाही. शंका आली की इंजिनियर आणि ताई माझ्याकडे बघायचे. इंजिनियरने नकाशे टॅबवर आणले, साड्यांच्या पाठी कपाटावर गेल्या. जिभाऊ आखूड पायाच्या खुर्चीवर बसायचे आणि मी बोट दाखवलं की फासा टाकायचे. ताईंना वाटलं ते अजून रुसलेत. एकदा त्या त्यांच्या उजव्या बाजूने "जिभाऊ, सोडा ना आता" असं हळूच म्हणाल्या. ते समोर बघत राहिले. ताईंचे डोळे भरून आले. मी फासे गोळा करत बसलो.

आणि कोणी मेलं नाही. सात रविवार माझ्या घरी चहा झाला नाही. चौथ्या की पाचव्या आठवड्यात बायकोने आत डोकावून विचारलं, "तुमच्यात हल्ली कोणी मरत नाही वाटतं?" आलं सुकून गेलं होतं, ते तिने फेकून दिलं.

आठव्या रविवारनंतर जिभाऊ आले नाहीत. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा वहिनींनी सांगितलं की पाळी बदलली आहे, आता रविवारीही खातं चालू असतं, तब्येत बरी आहे. वही फळीवर होती तशीच होती, तिच्यावर रिमोट ठेवलेला. कानाचं आता तरी ताईंना सांगू का, असं मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनाच विचारा. आम्ही तिघे अजून खेळतो, म्हणजे बसतो. ती खुर्ची कोणी हलवत नाही, पण तिच्यावर कोणी बसतही नाही. झेरॉक्स त्यांनी शेवटच्या दिवशी जाताना नेली.

त्या आठव्या रविवारी दरीवरचा दोरांचा पूल होता. तलवारवाला सगळ्यांना पार करून शेवटी निघाला आणि माझा फासा असा पडला की दोर तुटला. ऐंशी फूट. इंजिनियरने मोबाईलवर हिशेब केला. शून्याच्या कितीतरी खाली.

जिभाऊंनी मोजलं होतंच. दर दहा फुटाला एक फासा, तो नियम दोन्ही आवृत्त्यांत सारखा होता. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक आठवड्यांत न पाहिलेला उजेड आला. त्यांनी सहा वर्षं जपलेला कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खुर्ची मागे सारली.

"अरे काका, बेसो ने!" इंजिनियर ओरडला. "तीन फेक बाकी आहेत! अभी मरे नहीं हैं आप!"

ताईंनी त्यांच्या हातात फासा कोंबला. "टाका जिभाऊ, टाका! वाचाल!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे. ते शून्याखाली गेले म्हणजे गेले, एवढंच मला म्हणायचं होतं. पुस्तकात छापलेलं होतं की माझा शब्द शेवटचा. मी म्हटलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. पण समोर तीन चेहरे, पूल तुटलेला, सगळी गोष्ट माझ्या ओठांवर थांबलेली. असा प्रसंग मला सोडवत नाही. मी उभा राहिलो, दोन्ही हात पसरले आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं, एकेक अक्षर सुटं करून म्हणालो, "फासा टाकायचीही गरज नाही! एका झाडाच्या फांदीने त्याला अलगद झेललं आहे! तलवारवाला जिवंत आहे!"

ताईंनी टाळ्या वाजवल्या. इंजिनियरने टेबल बडवलं. जिभाऊ अर्धवट उठलेले, एका मुठीत फासा, दुसऱ्यात घडी घातलेला कागद, आमच्या तिघांच्या हलणाऱ्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी फासा टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे हात करून, खात्यात ओरडावं तसे ओरडले:

"अरे भो, मरी गऊ ना मी! आते तरी माले च्या ठेऊ द्या!"